अनिसभाईंच्या गाडीचा चष्मा

अनिसभाई, रविवारी आम्ही तुमची गाडी मैदानात काढली. तुम्ही असता तर मला चाबीला हातही लावू दिला नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. रविवारपासून ही गोष्ट माझ्या पोटात मावत नाहीये, आणि जिला ऐकवायची ती व्यक्तीच जागेवर नाही. तुम्हाला जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत, तुमचा चाळीसावा अजून व्हायचा आहे. तुमचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणतात. मला मात्र ओरडावंसं वाटतंय, आणि तेही आनंदानं. तुमच्या बाबतीत माझं आधीपासून सगळं उफराटंच.

आपली ओळखसुद्धा तशीच झाली. चाळिशी लागली, पेपर लांब धरून वाचायला लागले, म्हणून माहेरी अकोल्याला आले असताना आईनं मला जठारपेठेतल्या तुमच्या चष्म्याच्या दुकानात आणलं. माझ्या नाकावर ती जड चौकट ठेवून तुम्ही एकेक काच बदलत होता. "ह्याच्यात बरं दिसते का त्याच्यात?" मधेच सहज विचारलंत, "ताई, काम काय करता?" मी म्हटलं, अमरावतीला राजापेठेत ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तुमचा हात थांबला.

"म्हणजे दिवसभर लोकायले सांगता, हळू चालवा, हळू चालवा?"

"हो."

"मंग सोताले जोरात चालवाव वाटत नाही?"

मी खरं ते सांगितलं. रोज वाटतं. झालं, डोळे राहिले बाजूला. तुम्ही काउंटरवर चष्म्यांच्या रिकाम्या डब्या नागमोडी मांडल्या आणि त्यांच्यामधून माझ्या आईचा चष्मा गाडीसारखा फिरवून दाखवलात. आई बिचारी आंधळ्यासारखी बघत बसली. खेळ असा की गाडी एकटीच सोडायची, समोर दुसरं कुणी नाही, फक्त घड्याळ. रस्त्यावर ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या कोनांमधून वाकडंतिकडं वळत जायचं, कोन पाडला की दोन सेकंद दंड, आणि सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो पुढे. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं सिमेंटचं आवार तुम्ही मालकाच्या हातापाया पडून मिळवलं होतं. हिवाळ्यात महिन्याला एक रविवार. "अकोल्यावाल्यायले बी जवळ, अमरावतीवाल्यायले बी जवळ. कोनाले तक्रारीले जागा नाही," असं तुम्ही म्हणालात. तक्रारीला जागा नसावी हा तुमचा पहिल्यापासूनचा ध्यास होता, आणि मी आल्यापासून तक्रारीशिवाय एक रविवार गेला नाही.

कारण उघड होतं. कोण काय गाडी घेऊन येईल याचा नेम नव्हता. मी शिकाऊ लोकांनी गिअर घासून घासून बेजार केलेली आठशे सीसीची डबी घेऊन यायची. दर्यापूरचे गजूभाऊ सोयाबीनच्या पैशाची नवीकोरी टर्बो गाडी आणायचे, जिला नुसतं पाहिलं तरी ती पुढं सरकायची. आता या दोघांना एकाच घड्याळावर मोजायचं कसं? तुम्ही त्यावर उपाय काढलात तो शंकरपटातून, बैलांच्या शर्यतीतून. पटात अदत, म्हणजे पक्के दात न आलेला खोंड, सगळे दात आलेल्या जुळलेल्या बैलासमोर सोडत नाहीत, आधी जबडा उघडून दात पाहतात आणि मगच गट ठरतो. तुम्ही गाड्यांना दात दिलेत. लहान इंजिनाची, कारखान्यातून आली तशीच असलेली गाडी ती अदत. त्याच्यावर दोनदाती, चारदाती, आणि टर्बोवाल्या सगळ्या जुळलेल्या. रुंद टायर घातले की एक दात वाढला. सकाळी प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडून तुम्ही आत डोकं घालायचात आणि आम्ही विचारायचो, "भाई, किती दात निघाले?" बाहेरून कुणी पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं, हा माणूस ढोरांचा डॉक्टर आहे.

पण गटातला पहिला वेगळा आणि त्या दिवसाचा एकच पहिला वेगळा. सगळ्यांमधून एक निवडायचा तर दातांवर भागेना. तेव्हा तुम्ही तुमचं दुकान मैदानात आणलंत. प्रत्येक गाडीला एक आकडा द्यायचा आणि घड्याळावरच्या वेळेला त्या आकड्यानं गुणायचं. सगळ्यात तगड्या गाडीचा आकडा एक. जितकी गाडी कमजोर, तितका आकडा एकापेक्षा कमी, म्हणजे गुणल्यावर तिची वेळही कमी भरणार. या आकड्याला आपल्यात कुणी कधी आकडा म्हटलं नाही. चष्माच म्हटलं. आठशेचा चष्मा, टर्बोचा चष्मा.

पहिल्याच महिन्यात गजूभाऊ घड्याळावर सगळ्यांच्या पुढे होते. चष्मा लावल्यावर मी त्यांच्या पुढे निघाले. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा आठवतो ना?

"घड्याळ खोटं बोलते का भाई? मी आलो पयले अन् कप ह्या डबीले?"

"गजूभाऊ, ज्याची नजर कमजोर त्याले चष्मा देते. बाकीच्यायच्या बरोबरीत आणते. त्याले काई कोनी लाडावून ठेवलं म्हणत नाही. इन्साफ वेगळा अन् मेहरबानी वेगळी."

"अन् तुमचा चष्माच चुकला असला त?"

हा प्रश्न गजूभाऊंनी रागात विचारला, पण तुम्ही तो घरी घेऊन गेलात. पुढच्या महिन्यात येताना तुम्ही गाडीबदल घेऊन आलात. मी कितीतरी जणांना सांगते, आमच्याकडे असं करतात, आणि ते हसतात. मॅच संपली की चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची निघेल त्याच्या गाडीत बसून तीच वाट पुन्हा काढायची. माणूस तोच, गाडी दुसरी, म्हणजे वेळेत जो फरक पडेल तो गाडीचा. मी लगेच हरकत घेतली की परक्या गाडीवर हात बसायला वेळ लागतो. तुम्ही ती मानलीत आणि पहिली फेरी मोजायची नाही असं ठरवलंत. आणि प्रत्येक जण उतरला की खिडकीशी तुम्ही उभे. "ह्याच्यात बरं का त्याच्यात?"

काय मजा होती त्या गाडीबदलात! गजूभाऊंनी एकदा आपला चष्मा सैल व्हावा, म्हणजे आकडा आणखी खाली यावा म्हणून गाडीबदलाच्या आधी स्वतःच्याच टायरची हवा कमी करून ठेवली, की जो बसेल तो रखडेल. तुम्ही चाकाकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "चिठ्ठ्या नंतर. आधी गजूभाऊ सोताची गाडी एकडाव फिरवून दाखवतीन." ते दोन वळणांत घामाघूम झाले आणि स्वतःच पंप मागायला आले. माझाही चष्मा तुम्ही वारंवार आवळलात. लोक माझ्या डबीत बसायचे आणि अपेक्षेपेक्षा लवकर परत यायचे. दर वेळी मी तुमच्याशी भांडले, दर वेळी आकडे पाहिले आणि नवा चष्मा लिहून घेतला. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, आज मानते. दिवसभर दुसऱ्यांच्या पायाखालच्या ब्रेकवर लक्ष ठेवणारी बाई मी. महिन्यातून एका रविवारी मला कुणी सूट न देता मोजायचं, आणि त्यानंतरही मी जिंकले तर ते माझं असायचं. असं निखळ माझं म्हणावं असं फार थोडं असतं बायकांच्या वाट्याला.

म्हणूनच तुमच्या गाडीचा मला राग यायचा. तुमची ती मेंदी रंगाची जुनी सेडान. इंजिन मोठं म्हणून चारदाती, आणि चष्म्याचा आकडा एकाला अगदी चिकटलेला. सगळ्यांच्या गाड्या चिठ्ठीत पडायच्या, तुमची नाही. "पंचाची गाडी बदलात नाही," हा एकच नियम तुम्ही कुणाला न विचारता केलात. पहिल्या दिवशी इंजिनाकडे पाहून तुम्ही जो आकडा स्वतःवर लावून घेतलात तो कधी तपासलाच गेला नाही. इतक्या हिवाळ्यांत तुम्ही एकदाही पहिले आला नाहीत. कुणाला त्यात काही खटकलंही नाही. भाई वयस्कर आहेत, भाईंना हौस आहे, बस्स.

मला मात्र मागच्या मॅचला खटकलं. त्या दिवशी तुम्ही काय चालवलंत, अनिसभाई! अजून सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. एरवी तुमची ती गाडी वळणावर नावेसारखी डुलायची आणि तुम्हीही तिच्याबरोबर डुलायचात. त्या दिवशी तुम्ही तिला डुलूच दिलं नाहीत. प्रत्येक कोनाच्या आधीच स्टिअरिंग वळलेलं, ब्रेकचा आवाज नाही, फक्त टायरांचं किंचाळणं. शेवटच्या वळणाला जिनिंगच्या जुन्या वजनकाट्याजवळ ती एवढी कलली की मला वाटलं, भाई आता दारातून बाहेर पडतात. पडला नाहीत. कोनाला खेटून गेलात आणि कोन जागचा हलला नाही. आम्ही सगळे वेड्यासारखे टाळ्या पिटत होतो. तुम्ही उतरलात आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसलात.

गुणाकार झाला आणि मी पहिली निघाले. केसाएवढ्या फरकानं. कप माझ्या हातात दिलात तुम्हीच.

मी तो टपरीवरच्या बाकावर ठेवला आणि चहा येण्याआधीच भांडायला सुरुवात केली. तुमचा चष्मा चुकीचा आहे, म्हटलं, डोळ्यांनी दिसतंय. तुमची गाडी बदलात घाला.

"ताई, पंचाच्या गाडीचा चष्मा सैल निघाला त लोक काय म्हणतीन?"

"जे म्हणायचं ते म्हणू द्या. लोकांना भिऊन चुकीचा आकडा ठेवायचा, याला तुम्ही इन्साफ म्हणता?"

"घट्ट हाये ना? मंग नुकसान कोनाचं? माझंच. होऊ द्या."

"नाही, माझं होतंय!"

तुम्ही मोठ्यानं हसलात. "तुमचं काहून? तुमी त जिंकल्या."

इथेच माझं घोडं अडलं. मला जे म्हणायचं होतं ते शब्दांत येईना. आज येतंय, म्हणून लिहून टाकते. मी जिंकले की नाही हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही स्वतःवर अन्याय करून घेतलात तर तो तुमच्यापाशी थांबत नाही, भाई. समोरच्याच्या हातातला कपही त्यामुळं संशयाचा होतो. घरी नेऊन मी तो फ्रिजवर ठेवला आणि येताजाता त्याच्याकडे पाहायचं टाळलं. तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "पुढच्या मॅचले बोलू." चहाचा ग्लास ठेवलात, डुलत्या गाडीत बसलात आणि अकोल्याच्या दिशेनं गेलात. पुढची मॅच आली, तेव्हा बोलायला तुम्ही नव्हता.

आता रविवारचं ऐका. गाडी मैदानात आणायचं सुचलं ते मला नाही, गजूभाऊंना. हो, त्याच गजूभाऊंना. त्यांचा फोन आला, आवाज बसलेला. "ताई, भाईची गाडी आना. सारेच बसू तिच्यात. मले एकडाव पाहाचंच हाये, थो मानूस काय चालवून राहिला होता." मी जठारपेठेत तुमच्या घरी गेले. नसरीनभाभी इद्दतमध्ये, तुमच्या मागे पाळायचे ते दिवस संपेपर्यंत घराबाहेर पडत नाहीत. आतून चाबी पाठवली आणि निरोप दिला, "न्या ताई, उभ्या उभ्या बॅटरी उतरून राहिली." सीट तुमच्या उंचीप्रमाणे पुढं ओढलेलं होतं. मला ते मागं करवेना. मूर्तिजापूरपर्यंत माझे गुडघे स्टिअरिंगला घासत गेले आणि बोरगावच्या पुढे मी जी रडायला लागले ती मैदान येईपर्यंत.

रडणं तिथेच संपलं, कारण पहिलेच बसले गजूभाऊ. सरावाची फेरी झाली, मोजायची झाली, आणि ते दार उघडून अक्षरशः बाहेर पडले. "बाप्पा! हे गाडी हाये का गाभण म्हैस? वळा म्हटलं त विचार करते न आधी! हिच्यावर भाई थो टाइम काढून राहिले होते?" पाठोपाठ एकेक जण. सगळ्यांची तीच गत. स्वतःच्या गाडीत विजेसारखे पळणारे तुमच्या गाडीत कोन तुडवत सुटले. मी मुद्दाम सगळ्यांना जास्तीच्या फेऱ्या दिल्या, परका हात म्हणून कुणी सबब सांगू नये म्हणून. मी स्वतः सगळ्यात शेवटी बसले आणि जीव तोडून चालवली. काट्याजवळच्या त्या वळणाला ती माझ्याही हातात कलली, आणि मी घाबरून ब्रेक मारला. तुम्ही मारला नव्हतात.

मग आम्ही हिशेब मांडला. कुठल्याही बाजूनं काढला तरी एकच निघत होतं. तुमचा चष्मा फार घट्ट होता. थोडाथोडका नाही, डोळे दुखावेत एवढा. बरोबर आकडा ठरला, सगळ्यांनी तपासला, आणि मग सगळ्यांच्या मनात एकच आलं. मोबाइल माझ्या हातात होता. मागच्या मॅचची तुमची वेळ घातली. नव्या आकड्यानं गुणली. पुन्हा गुणली. तिसऱ्यांदा गजूभाऊंनी गुणली.

तुम्ही पहिले, अनिसभाई! मी दुसरी!

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! गजूभाऊंनी टर्बोचा हॉर्न दाबला तो सोडेचनात. मग सगळ्यांनीच आपापल्या गाड्यांचे हॉर्न धरले. रस्त्यानं जाणारी दर्यापूरची जीप थांबली, आतल्या माणसानं विचारलं, "लगन हाये का?" मी दोन्ही हात वर करून नाचत होते. मी, जी एका सेकंदासाठी तुमच्याशी महिनाभर अबोला धरायची. माझा कप गेला होता आणि माझ्या पायात आनंद मावत नव्हता.

गजूभाऊ खडू घेऊन निकालाच्या फळ्याकडे धावले. मागच्या मॅचसमोरचं माझं नाव पुसून तुमचं लिहायला. आणि मी त्यांचा हात धरला. नवा चष्मा पुढच्या मॅचपासून, झालेल्या निकालाला हात नाही, हा नियम कुणाचा होता? तुमचाच. नाही तर दर गाडीबदलानंतर जुना प्रत्येक निकाल उकरावा लागला असता.

"भाई गेले न ताई! आता काहाचा नियम?"

"गजूभाऊ, त्यांचा नियम त्यांच्यासाठी मोडला, तर ते तिथून उठून येतील आणि मला दंड लावतील."

त्यांनी खडू फेकला, डोळे पुसले आणि मान हलवली. फळ्यावर माझंच नाव आहे. ते तसंच राहील. पुढच्या महिन्यापासून तुमची गाडी नव्या चष्म्यानं धावेल, गजूभाऊ चालवणार आहेत, आणि मला त्यांना हरवायचं आहे.

संध्याकाळी मी गाडी परत द्यायला गेले आणि आत भाभींजवळ बसले. त्या खूप वाळल्यात. मी सगळं एका दमात सांगितलं, चष्मा, गुणाकार, हॉर्न. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या एकदम म्हणाल्या, "हो, जिंकले होते ना ते. घरी आल्याबरोबर मले म्हणे, नसरीन, आज मी जिंकलो."

"भाभी, असं म्हणाले ते?"

"म्हणजे काय! दोन रोट्या जास्त खाल्ल्या. मी म्हटलं, मंग कप कुठी हाये? म्हणे, ताईकडे. मी म्हटलं, तुमी जिंकले अन् कप ताईकडे, हे काय? त हासले. म्हणे, ताई भांडून राहिली माझ्याशी. बरोबर बोलून राहिली. लय जिद्दी हाये, एखाद दिवशी काढीनच शोधून."

बरोबर बोलून राहिली! हे मला टपरीवर म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? तिथे हसलात आणि इथे घरी येऊन कबूल केलंत! मी भाभींच्या मांडीवर डोकं ठेवून हसले की रडले, त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "म्हणजे ताई, तुमी हरल्या?"

आयुष्यात मी हे वाक्य कुणासमोर उच्चारलेलं नाही. माझ्या घरच्यांना विचारा. पण त्या दिवशी ते तोंडातून इतकं सहज निघालं, इतक्या जोरात, की शेजारच्या घरातून कुणी तरी डोकावलं. ते तुम्हाला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, म्हणून पुन्हा सांगते. हो, अनिसभाई, मी हरले. तुमच्याकडून, बरोबर चष्म्यानं, एकही कोन न पाडता काढलेल्या त्या फेरीकडून मी हरले!